मुलांसाठी हेडफोन : खोक्यावरील आकड्यापलीकडे पाहू या

हेडफोन ही वस्तू एकेकाळी रेडिओ केंद्रातील निवेदकाच्या किंवा टेलिफोन ऑपरेटरच्या डोक्यावरच दिसत असे. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि ती तरुणांच्या कानांवर आली. लहान मुलांच्या कानांवर ती सर्रास आली, ती मात्र २०२० साली. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि पुढे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. एकाच खोलीत दोन भावंडांचे दोन वर्ग, बाजूला स्वयंपाकघरातील कुकरची शिटी आणि आजीची मालिका, अशा घरांत हेडफोन ही चैन न राहता गरज झाली. शाळा पुन्हा उघडल्या, हेडफोन मात्र घरातच राहिला. आज गोष्टी, गाणी, अभ्यासाचे व्हिडिओ आणि खेळ या सर्वांसाठी मुले तो वापरतात. नाताळ, वाढदिवस आणि प्रथम पवित्र कम्युनियनच्या भेटवस्तूंतही रंगीबेरंगी हेडफोनचे खोके दिसू लागले आहेत.

असा हेडफोन घेताना पालक बहुधा रंग, किंमत आणि कंपनीचे नाव पाहतात. जे अधिक जागरूक असतात ते खोक्यावर '८५ डेसिबल, मुलांसाठी सुरक्षित' असे छापलेले आहे की नाही तेही पाहतात आणि ते दिसले की निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा कितपत रास्त आहे, तो आकडा नेमके कोणते आश्वासन देतो आणि कोणते देत नाही, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

कानाच्या आत काय घडते?

ध्वनीच्या लहरी कर्णनलिकेतून कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ती कंपने आतील कानाकडे पोहोचवतात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखा वळणदार, द्रवाने भरलेला एक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केशपेशींच्या रांगा असतात. एका कानात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. द्रव हलला की या पेशींवरील रोम वाकतात, पेशी विजेचा संदेश निर्माण करतात आणि श्रवणतंतू तो मेंदूकडे नेतात. आपण 'ऐकतो' ते असे.

मोठा आवाज या रोमांना प्रमाणाबाहेर वाकवतो. आवाज थोडा वेळच असेल तर पेशी थकतात व विश्रांतीनंतर सावरतात. लग्नातल्या डीजेसमोर तासभर उभे राहून आल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटणे किंवा कानात शीळ वाजत राहणे हे त्या थकव्याचेच लक्षण आहे. मात्र हा मारा वारंवार होत राहिला तर पेशी कायमच्या मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा तयार होतात, माणसात होत नाहीत. जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, परंतु मेलेली केशपेशी परत येत नाही. या हानीवर आज औषध नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा करता येतो, पण गेलेली पेशी मिळवता येत नाही.

ही हानी वेदना देत नाही, हा यातला सर्वांत फसवा भाग आहे. डोळ्यात कचरा गेला की मूल रडते. कानातील पेशी मरत असताना ते गाण्यावर डोलत असते. शिवाय हानीची सुरुवात बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून होते. मूल हाक मारल्यावर वळून पाहते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी बारीक व्यंजने त्याला अस्पष्ट होऊ लागतात. 'साठ' आणि 'आठ', 'पान' आणि 'कान' यांतील फरक गोंगाटाच्या वर्गात निसटू लागतो. शिक्षकांना वाटते मुलाचे लक्ष नाही. घरी वाटते ते हट्टी झाले आहे. प्रत्यक्षात त्याला अर्धेच शब्द पोहोचत असतात.

ही भीती केवळ तर्कावर उभी नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात ९ ते ११ वर्षे वयाच्या तीन हजारांहून अधिक मुलांची श्रवणचाचणी करण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दर सात मुलांमागे एकामध्ये उंच पट्टीचे ध्वनी ऐकण्यात घट आढळली आणि खिशातील संगीतयंत्रे वापरणाऱ्या मुलांत अशी घट दिसण्याचे प्रमाण अधिक होते. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि सावध होण्यास तो पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील १२ ते ३५ वयोगटातील एक अब्जाहून अधिक व्यक्तींना मोठ्या आवाजात संगीत वगैरे ऐकण्याच्या सवयीमुळे श्रवणदोषाचा धोका आहे.

डेसिबलचा हिशेब

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची, नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे. ही मोजपट्टी फूटपट्टीसारखी सरळ चढत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि केवळ ३ डेसिबल वाढले तरी ती दुप्पट होते. ८० आणि ८३ या आकड्यांत कानाला फारसा फरक जाणवत नाही, पण केशपेशींवर पडणारा भार दुप्पट झालेला असतो.

म्हणून सुरक्षितता केवळ आवाजावर ठरत नाही. ती आवाज आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. ऊन जसे किती कडक आणि किती वेळ, या दोन्हींवर बाधते, तसेच हे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१८ साली सुरक्षित श्रवणासाठी एक मानक तयार केले. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे. मुलांसाठी ती अधिक कडक, म्हणजे आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा, हा त्यामागील नियम.

मुलांसाठी हा हिशेब मांडला तर आठवड्याची शिदोरी अशी दिसते :

७५ डेसिबल : ४० तास
७८ डेसिबल : २० तास
८१ डेसिबल : १० तास
८५ डेसिबल : सुमारे ४ तास
९० डेसिबल : सुमारे सव्वा तास
९५ डेसिबल : सुमारे २४ मिनिटे
१०० डेसिबल : ७ ते ८ मिनिटे

ही शिदोरी संपूर्ण आठवड्याची आहे, एका दिवसाची नव्हे. आणि ती केवळ हेडफोनसाठीही नाही. हळदीच्या रात्रीचा डीजे, वरातीतील बँड, मिरवणुकीचे ढोल-ताशे, फटाके हे सारे याच खात्यातून वजा होते.

८५ हा आकडा आला कोठून?

आता खोक्यावरील आकड्याकडे वळू. ८५ डेसिबल हा आकडा मूळचा मुलांसाठी ठरवलेला नाही. तो कारखान्यातील कामगारांसाठीचा आकडा आहे. यंत्रांच्या आवाजात दिवसाला ८ तास काम करणाऱ्या प्रौढ माणसाच्या कानांना फार मोठी हानी होऊ नये, म्हणून औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात ही पातळी ठरवण्यात आली. त्यातही सर्वच कामगारांचे कान पूर्ण सुरक्षित राहतील असे गृहीत धरलेले नव्हते. काम संपल्यावर कामगाराचे कान शांततेत विसावतील, अशीही त्यामागे अपेक्षा होती.

मुलांच्या खेळण्यांच्या आणि हेडफोनच्या बाजारात हाच आकडा पुढे 'सुरक्षित' या शब्दासह वावरू लागला. वरील हिशेब लावला तर ८५ डेसिबलवर मुलाला आठवड्यात चारच तास मिळतात, म्हणजे दिवसाला जेमतेम ३५ मिनिटे. जे मूल शाळेतून आल्यावर दोन-तीन तास हेडफोन लावून बसते, त्याच्यासाठी ८५ डेसिबलचा हेडफोन पूर्ण आवाजात चालवणे सुरक्षित म्हणता येणार नाही.

काही हेडफोनांवर आवाजाचे टप्पे असलेले बटण असते : लहानग्यांसाठी ७५, थोड्या मोठ्यांसाठी ८५ आणि प्रवासासाठी ९४ डेसिबल. हा शेवटचा टप्पा पाहताच सावध व्हावे. ९४ डेसिबलवर मुलाची आठवड्याची शिदोरी अवघ्या अर्ध्या तासात संपते. निर्मात्याने तो टप्पा विमानाच्या किंवा गाडीच्या घरघरीत ऐकू यावे म्हणून दिलेला असतो, परंतु मुलाला एकदा तो सापडला की घरच्या शांततेतही तोच वापरला जातो.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो : ७५ ते ८० डेसिबलवर मर्यादा ठेवता येणारा हेडफोन मिळत असेल तर तो घ्यावा. ८५ चा घेतला तर ती वरची भिंत समजावी, रोजची पातळी नव्हे.

मर्यादा घातली जाते कशी आणि निसटते कशी?

आवाजाची मर्यादा दोन प्रकारे घालतात. वायरच्या हेडफोनमध्ये विजेचा प्रवाह अडवणारा एक छोटासा भाग, रेझिस्टर, बसवलेला असतो. तो फोनकडून येणारा संदेश क्षीण करतो. पण तो किती क्षीण करायचा हे एखादे सर्वसाधारण उपकरण डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असते. तोच हेडफोन अधिक जोरकस संदेश देणाऱ्या लॅपटॉपला किंवा म्युझिक सिस्टीमला जोडला, तर आवाज मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. नळाच्या तोंडाला फडके बांधले तरी टाकीचा दाब वाढला की पाणी जोरात येतेच, तसा हा प्रकार. काही हेडफोनांत हा भाग काढता येणाऱ्या वायरमध्ये असतो. ती वायर बदलून साधी वायर लावली की मर्यादा संपली. चलाख मुलाला हे शोधायला फार वेळ लागत नाही.

ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये ध्वनी मोठा करणारे मंडल हेडफोनच्याच आत असते, त्यामुळे तेथे मर्यादा नेमकी घालता येते. फोन कोणताही असो, हेडफोन ठरल्यापेक्षा मोठा वाजत नाही. मात्र अनेक ब्लूटूथ हेडफोनांना बॅटरी संपल्यावर वापरण्यासाठी वायरही देतात. वायर लावल्यावर ती मर्यादा टिकते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारले पाहिजे. काहींत ती टिकते, काहींत नाही.

आणि छापलेले सारे खरेच असते असेही नाही. अमेरिकेतील वायरकटर या वस्तूंचे परीक्षण करणाऱ्या प्रकाशनाने २०१६ साली मुलांचे ३० हेडफोन तपासले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे हेडफोन जाहीर केलेली मर्यादा पाळत नव्हते, असे आढळले. आपल्याकडे बिनतारी हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह असते. ते जरूर पाहावे, कारण निकृष्ट बॅटरी तापण्याचा धोका असतो. परंतु ते चिन्ह विजेच्या सुरक्षिततेविषयी आहे, आवाजाच्या मर्यादेविषयी नाही, हे विसरू नये.

आराम ही चैन नव्हे

हेडफोन नीट बसतो की नाही, याचा आवाजाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारेल. संबंध फार जवळचा आहे. मूल आवाज का वाढवते? बहुतेक वेळा हट्टाने नव्हे, तर बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून. पंख्याची घरघर, रस्त्यावरील रिक्षा, शेजारचा टीव्ही यांच्यावर मात करण्यासाठी ते आवाज वाढवत जाते. कानाभोवती नीट बसणारा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो आणि हळू आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात. सैल किंवा टोचणारा हेडफोन सतत सरकतो, फट पडते, गोंगाट आत शिरतो आणि बोट पुन्हा आवाजाच्या बटणाकडे जाते. म्हणून आरामदायक बसणे हीच आवाज कमी ठेवण्याची पहिली पायरी आहे.

हेडफोनचे मुख्य तीन प्रकार आहेत. कानाच्या पाळीला पूर्ण वेढणारे, कानावर टेकणारे आणि कानात घालायचे. पहिल्या प्रकारात गोंगाट सर्वांत चांगला अडतो आणि कानाच्या पाळीवर दाब येत नाही. तासभर वापरायचे असेल तर मुलांसाठी हाच प्रकार उत्तम. दुसरा प्रकार हलका व स्वस्त असतो, पण पाळी दाबली जाऊन थोड्या वेळाने दुखू लागते. चष्मा लावणाऱ्या मुलांना हा त्रास अधिक होतो, कारण चष्म्याची काडी पाळीमागे रुतते.

तिसरा प्रकार, म्हणजे कानात घालायचे इअरफोन किंवा इअरबड, लहान मुलांना देऊ नयेत. मुलाची कर्णनलिका प्रौढांपेक्षा लहान असते. तेवढ्याच ध्वनीचा तेथे अधिक दाब निर्माण होतो. प्रौढांच्या मापाची बोंडे त्यांच्या कानात बसत नाहीत, मळ आत ढकलला जातो, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत बंद राहिलेल्या कानात बुरशी धरण्याची शक्यता वाढते. सुट्या इअरबडमध्ये अगदी लहान बॅटरी असतात. घरात तान्हे मूल असेल तर त्याने ते गिळण्याचा धोकाही आहे.

वजन आणि पकड हाताने पाहावी. मोठ्यांचा भारदस्त हेडफोन मुलाच्या मानेवर भार टाकतो. डोक्यावरची पट्टी मुलाच्या मापाला लहान करता आली पाहिजे आणि ते वाढेल तशी मोठीही करता आली पाहिजे. पकड इतकीच असावी की मूल मान हलवताना हेडफोन पडू नये, पण काढल्यावर कानाभोवती लाल वळही उमटू नये. कानाच्या गाद्या रेक्झिनच्या असतील तर पुसायला सोप्या, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम धरतात. कापडी गाद्या हवेशीर असतात, पण धुता येतील अशा हव्यात. गाद्या बदलून मिळतात का, हेही विचारावे. गादी फाटली की गोंगाट आत येतो, आणि मग आवाज वाढतो.

बाहेरचा गोंगाट विजेच्या साहाय्याने पुसून टाकणारे हेडफोनही आता मिळतात. लोकलच्या किंवा एसटीच्या प्रवासात ते उपयोगी आहेत, कारण त्यांच्यामुळे आवाज कमी ठेवता येतो. पण हेच हेडफोन रस्त्यावर घातक ठरतात. सायकल चालवताना, रस्ता ओलांडताना, फाटक किंवा रेल्वेरूळ ओलांडताना कोणताही हेडफोन कानावर नसावा, हा नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू आहे.

दुकानात आणि घरी करावयाची पारख

शक्य असेल तर मुलाला दुकानात घेऊन जावे. हेडफोन त्याच्या डोक्यावर दहा मिनिटे ठेवावा, कारण टोचणारा हेडफोन पहिल्या मिनिटात टोचत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासह घालून पाहावा. आवाजाची मर्यादा किती, ती वायर लावल्यावरही राहते का, बटणाने ती ओलांडता येते का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. उत्तर 'तसे काही नसते हो' असे आले तर दुसरा हेडफोन पाहावा.

घरी आणल्यावर पालकांनी तो आधी स्वतः लावून पाहावा. नेहमीच्या फोनवर, नेहमीच्या गाण्यावर आवाज पूर्ण वाढवावा. स्वतःलाच तो असह्य वाटला तर मर्यादा नावापुरतीच आहे असे समजावे. मग मुलाला हेडफोन लावून द्यावा, हाताच्या अंतरावर उभे राहून नेहमीच्या स्वरात त्याला हाक मारावी. ते वळून पाहत नसेल तर एकतर आवाज मोठा आहे किंवा गोष्ट फार रंगली आहे. दोन-तीनदा करून पाहिले की फरक कळतो. गोंगाट पुसणाऱ्या हेडफोनच्या बाबतीत मात्र या परीक्षेवर विसंबून राहू नये. हाताच्या अंतरावरून हेडफोनमधील गाण्याचे शब्द आपल्याला ऐकू येत असतील, तर आवाज निश्चितच जास्त आहे. फोनवरील आवाज मोजणारी ॲप्स ढोबळ अंदाजापुरती ठीक आहेत; त्यांना प्रयोगशाळेचे माप मानू नये.

फोनमधील कुलूप

हेडफोनमधील मर्यादेच्या जोडीला फोनमध्येही मर्यादा घालता येते, आणि ती विनामूल्य आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये ध्वनीच्या विभागात हेडफोनची सुरक्षितता असा भाग आहे. तेथे मोठा आवाज कमी करण्याची सोय सुरू करून ७५ पासून पुढे हवी ती पातळी ठरवता येते, आणि मुलाने ती बदलू नये म्हणून तिला कुलूपही घालता येते. सॅमसंगच्या फोनमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये मीडियाच्या आवाजाला कमाल मर्यादा घालून तिला पिन क्रमांक देता येतो. इतर फोनमध्येही अशी सोय आहे का, हे पाहून ठेवावे. अशी सोय नसल्यास साधा नियम करावा : आवाजाची पट्टी निम्म्याच्या फार पुढे जाता कामा नये. पूर्ण आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत राहावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे.

दोन्ही ठिकाणी मर्यादा असली की एक निसटली तरी दुसरी राखण करते.

वेळ पाळणे हे यंत्राचे काम नव्हे

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व गोष्टी आवाजाविषयी होत्या. गुणाकारातील दुसरी संख्या, म्हणजे वेळ, कोणताही हेडफोन राखत नाही. ती घरच्यांनाच राखावी लागते. दर तासानंतर कानांना किमान दहा मिनिटे विश्रांती द्यावी. अभ्यासाचे व्हिडिओ, गाणी आणि खेळ मिळून हेडफोनचा वेळ दिवसाला दोन तासांपलीकडे जाऊ देऊ नये. खेळांच्या बाबतीत अधिक दक्ष राहावे, कारण त्यांत गोळ्या, स्फोट आणि आरडाओरडा असतो. पातळी एकदम उसळते. हेडफोन लावून झोपण्याची सवय लागू देऊ नये. त्यात आवाज रात्रभर कानात जात राहतो आणि वायर गळ्याभोवती गुंडाळण्याचा धोका असतो. ज्या आठवड्यात घरात लग्नकार्य असेल, त्या आठवड्यात हेडफोन कपाटातच राहिलेला बरा.

ज्या घरात एकट्या मुलासाठी शांत खोली आहे, तेथे हेडफोनची मुळात गरजच काय, हेही तपासावे. फोनच्या किंवा टॅबच्या स्पीकरवर बेताच्या आवाजात ऐकणे कानांना अधिक सोयीचे आहे, आणि मूल काय ऐकते आहे हे घरच्यांनाही कळते. गोष्ट मूल एकटे ऐकण्यापेक्षा आजीसोबत ऐकले, तर तिच्यावर चार प्रश्नही विचारले जातात.

हेडफोन स्वच्छ ठेवणे हाही वापराचाच भाग आहे. आठवड्यातून एकदा गाद्या कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसाव्यात. कान वाहत असेल, सर्दीने कान दुखत असेल, तर बरे होईपर्यंत हेडफोन लावू नये, आणि तो हेडफोन भावंडालाही देऊ नये.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या वागणुकीचा. बाबा लोकलमध्ये चढल्यापासून घरी पोहोचेपर्यंत कानात बोंडे घालून असतील, आई भाजी निवडताना इअरफोन काढत नसेल, तर मुलाला सांगितलेले नियम ते या कानाने ऐकेल आणि त्या कानाने सोडून देईल.

शंका आली तर

मूल टीव्हीचा आवाज वरचेवर वाढवत असेल, 'काय? काय म्हणालास?' असे पुन्हा पुन्हा विचारत असेल, एकच कान पुढे करून ऐकत असेल, कानात शीळ किंवा गुणगुण होते असे सांगत असेल, किंवा शाळेत अचानक मागे पडू लागले असेल, तर त्याला रागावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. पुष्कळदा कारण साधा मळ किंवा सर्दीमुळे पडद्यामागे साचलेले पाणी असते व ते बरे होते. श्रवणचाचणी वेदनारहित आहे. मुलाच्या कानावर हेडफोनच लावून निरनिराळ्या पट्टीचे बारीक ध्वनी ऐकवतात आणि ऐकू आले की त्याने हात वर करायचा किंवा बटण दाबायचे, इतकेच. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या केंद्र सरकारच्या संस्थेत श्रवणचाचणी व पुढील मार्गदर्शनाची सोय आहे. मुलांच्या बाबतीत 'मोठा झाला की सुधारेल' असे म्हणून वाट पाहू नये, कारण भाषा शिकण्याची वर्षे वाट पाहत नाहीत.

वाचकहो, हेडफोन ही वाईट वस्तू नाही. परदेशी असलेल्या मावशीशी बोलताना, संगीत शिकताना, गोंगाटाच्या घरात अभ्यास करताना ती खरोखर उपयोगी पडते. प्रश्न तिच्या निवडीचा आणि वापराचा आहे. भेट म्हणून हेडफोन देताना खोक्यासोबत आणखी दोन गोष्टी द्याव्यात : फोनमध्ये घालून ठेवलेली मर्यादा आणि घरात सर्वांनी पाळायची वेळ. हेडफोन दोन-चार वर्षांत मोडेल आणि दुसरा आणता येईल. त्याखालचे कान मात्र मुलाला आयुष्यभर पुरवायचे आहेत.